बालीतलं पाणी आणि तळ्याची देवी

उतारावरच्या शेतीत पाणी आधी वरच्या शेतकऱ्याच्या हाती लागतं. खालच्याला मिळतं ते उरलंसुरलं. आपल्याकडे कालव्यावर जगणाऱ्या गावांत ‘हेड’चे शेतकरी आणि ‘टेल’चे शेतकरी हे शब्दच रूढ आहेत, आणि त्या दोघांमधली तक्रार दर उन्हाळ्यात नव्यानं पाटबंधारे खात्याच्या दारात येते. वरच्यानं खालच्यासाठी पाणी का सोडावं? कायद्याचा धाक, शेजारधर्म, चांगुलपणा ही उत्तरं पाऊस बरा झाला तर पुरतात. इंडोनेशियातल्या बाली बेटावरच्या भातशेतकऱ्यांनी याच प्रश्नाचं एक उत्तर उभं केलं. ते हजारएक वर्षं टिकलं आहे आणि ते देवळांमधून चालतं.

श्रद्धा समाज घडवते, हे आपण सहज म्हणून जातो. कशी घडवते, कोणत्या टप्प्यावर ती शेतात उतरते आणि माणसाला नकोसं असलेलं काम करायला लावते, हे दाखवायची वेळ आली की बोलणं मोघम होतं. बालीत ते दाखवता येतं. तिथे देवीपुढच्या नैवेद्यापासून खाचरातल्या लोंबीपर्यंतची वाट पावलापावलानं चालून पाहता येते, म्हणून मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं.

सुरुवात डोंगरापासून करू. बाली म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडंसंच मोठं बेट. त्यातून ज्वालामुखींची रांग गेलेली आहे. तीन हजार मीटरहून उंच असा आगुंग आणि त्याच्या शेजारी बातूर. बातूरच्या प्रचंड मुखात एक गोड्या पाण्याचं तळं आहे. तळ्याला वरून बाहेर पडायची वाट नाही. पाणी झिरपतं ते खालच्या सच्छिद्र खडकात. डोंगराच्या अंगावर पुढे जागोजागी झरे फुटतात, त्यांच्या नद्या होतात आणि या नद्या मऊ ज्वालामुखी खडक कापत खोल घळींतून समुद्राकडे जातात. शेतं वर, पाणी खाली घळीत. शेजारून नदी वाहते आणि तिचं थेंबभर पाणी शेताला मिळत नाही, अशी अवस्था.

यावर उपाय एकच: नदीच्या वरच्या अंगाला बंधारा घालायचा, तिथून खडकातून बोगदा खोदत पाणी बाहेर काढायचं आणि पुढे पाटानं शेतांच्या माथ्यावर आणायचं. काही बोगदे एक किलोमीटरहून लांब आहेत. नवव्या शतकाच्या अखेरच्या राजशासनांत बोगदे खोदणाऱ्या कारागिरांचा वेगळा उल्लेख येतो, इतकं हे काम जुनं. शेतकऱ्यांच्या पाणीसंघटनेचा, म्हणजे ‘सुबाक’चा, उल्लेख अकराव्या शतकातल्या लेखांत सापडतो.

या रचनेमुळे एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठरून गेली. ज्याच्या शेताला पाणी हवं, त्याचा बंधारा त्याच्या गावापासून काही कोस दूर, दुसऱ्याच गावाच्या हद्दीत. बोगदा कोसळला तर तो एकट्यानं उपसता येणार नाही. वर कोणी नवा बंधारा घातला तर त्याचं पाणी आटणार. म्हणजे गावकी या कामाला अपुरी पडणार होती. म्हणून सुबाक गावावर आधारलेला नाही, पाण्यावर आधारलेला आहे. एका पाटावर ज्यांची ज्यांची खाचरं भिजतात ते सगळे एका सुबाकचे सभासद, मग ते राहतात कुठेही. एखाद्या शेतकऱ्याची खाचरं तीन पाटांवर असतील तर तो तीन सुबाकांचा सभासद. आज बेटावर सुमारे 1,200 सुबाक आहेत आणि एकेकात साधारण पन्नासपासून चारशेपर्यंत शेतकरी असतात.

सुबाकचा प्रमुख म्हणजे पेकासेह. त्याला सभासद निवडतात. नियम ‘अविग-अविग’ या नावानं लिहून ठेवलेले असतात. जुने नियम ताडपत्रांवर आहेत. बैठकीला आला नाहीस तर दंड, पाट साफ करायला आला नाहीस तर दंड, चोरून पाणी घेतलंस तर मोठा दंड. पाण्याची वाटणी तर डोळ्यांना दिसते. पाटात लाकडाचा ओंडका आडवा बसवलेला असतो, त्याला ‘तेम्बुकु’ म्हणतात. त्यात कमीजास्त रुंदीच्या खाचा असतात आणि खाचेच्या रुंदीइतका ज्याचा त्याचा वाटा. पाऊस कमी झाला, पाट अर्धा वाहिला, तरी प्रमाण तेच राहतं. कोणी येऊन खाच रुंद केली तर शेजारून जाणाऱ्या पोराच्याही ते लक्षात येतं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. बालीत जाती आहेत. कोण कोणाशी कोणत्या थराची भाषा बोलतो यावरून त्या रोज कानावर पडतात. वरच्याशी बोलायची भाषा वेगळी, खालच्याशी बोलायची वेगळी. सुबाकच्या बैठकीत मात्र सगळ्यांनी सगळ्यांशी आदराच्या भाषेत बोलायचं असा रिवाज आहे. जमीन कमी असो की जास्त, जन्म कुठल्याही घरातला असो, मत एक. बैठकीबाहेर गेलं की जुनी उतरंड परत येते, पण पाण्याच्या जागेवर ती थांबवली जाते.

इथवर जे सांगितलं ते एका चांगल्या सहकारी संस्थेचं वर्णन वाटेल. देऊळ येतं ते दोन सुबाकांच्या मध्ये.

खाचरात पाणी शिरतं त्या कोपऱ्यात प्रत्येक शेतकऱ्याचं एक छोटं देवस्थान असतं. सुबाकचं स्वतःचं देऊळ वेगळं. बंधाऱ्यापाशी आणखी एक. एकाच नदीवर किंवा एकाच बंधाऱ्यावर अवलंबून असलेले अनेक सुबाक मिळून ‘मासचेती’ नावाच्या मोठ्या देवळाला जोडलेले. सुकावती भागातलं एर जेरुक हे अशा देवळांपैकी एक. आणि या सगळ्यांच्या वर, बातूरच्या कड्यावर, तळ्याच्या देवीचं, देवी दानूचं देऊळ: पुरा उलुन दानू बातूर. तळ्याचं पाणी तिचं, म्हणून झऱ्यांचं तिचं, म्हणून नदीचं तिचं. जो ते वापरतो तो तिचा देणेकरी. सुबाक आपल्या भातातला, नारळांतला ठरलेला हिस्सा वार्षिक उत्सवाला वर पाठवतात.

पाणी तळ्यावरून खाली येतं तसं तीर्थही खाली येतं. तळ्यावरच्या देवळातलं तीर्थ, मग मासचेतीतलं, मग सुबाकच्या देवळातलं, असं एकात एक मिसळत ते शेवटी शेतकऱ्याच्या खाचरात शिंपडलं जातं. नकाशा, अधिकारपत्र किंवा सातबारा यांपैकी काहीही हाती नसताना शेतकऱ्याला त्यावरून दोन गोष्टी कळतात: आपलं पाणी कुठून येतं आणि ते आपल्याबरोबर आणखी कोणाकोणाला जातं. ज्यांच्याबरोबर तीर्थ वाटून घेतो त्यांच्याबरोबर पाणी वाटायचं असतं.

मासचेतीच्या उत्सवाला सगळ्या सुबाकांचे पेकासेह जमतात. देवीला नैवेद्य होतो, आणि तिथेच बसून पुढच्या हंगामाचं ठरतं: कोणी कधी पाणी घ्यायचं, कोणी कधी लावणी करायची, कोणी काय पेरायचं आणि कोणी कधी रान मोकळं ठेवायचं. ठरलेलं पाळायला पंचांग आहे. बालीत 210 दिवसांचं एक चक्र चालतं. त्यात एक दिवसापासून दहा दिवसांपर्यंतचे दहा प्रकारचे ‘आठवडे’ एकाच वेळी फिरत असतात आणि ‘तिका’ नावाच्या लाकडी किंवा रंगवलेल्या पटावर ते खुणांनी मांडलेले असतात. एकेका पाटावरच्या सुबाकांचे पिकाचे टप्पे एकमेकांत कसे गुंतवायचे, हे त्या पटावर बोट ठेवून मोजता येतं. पाण्याच्या स्वागताचा विधी, लावणीचा, भात पोटरीत आल्यावरचा, कापणीचा, कणगीत भात ठेवतानाचा, असा प्रत्येक टप्प्याला विधी असतो. भात ही देवी श्री. तिचं गर्भारपण आणि बाळंतपण जपावं तसं पीक जपायचं. हे विधी वेळेवर झाले की कामं वेळेवर होतात. एखाद्या सुबाकनं पंधरा दिवस उशीर केला तर तो सगळ्यांसमोर उघडा पडतो, कारण त्याचा विधी झालेला नसतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वरचा शेतकरी हे सगळं का मानतो? देवीच्या भीतीनं, हे उत्तर खरं आहे; पण तेवढ्यावर थांबलं तर त्या शेतकऱ्यांना आपण भोळे समजलो असं होईल.

भाताला पाणीटंचाईइतकाच मोठा शत्रू म्हणजे कीड. तपकिरी तुडतुडे, खोडकिडे, उंदीर आणि त्यांच्याबरोबर येणारे रोग. कीड हिरव्या भातावर जगते. एका शेतातला भात कापला की ती शेजारच्या उभ्या पिकावर जाते. पण मोठ्या पट्ट्यातला सगळा भात एकाच वेळी कापला, सगळी खाचरं एकाच वेळी पाण्याखाली ठेवली किंवा मोकळी सोडली, तर किडीला खायला आणि लपायला जागा उरत नाही. त्या रिकाम्या खाचरांत बदकं सोडतात. ती उरलेसुरले दाणे आणि किडे वेचतात. यासाठी सगळ्यांनी एकदमच थांबायला हवं. एका बाजूचं रान हिरवं राहिलं की सगळा खटाटोप वाया.

वरच्या शेतकऱ्याला पाण्याची चिंता नाही, पण खालच्या रानातून चालून येणाऱ्या किडीची आहे. खालच्याला पाण्याची चिंता आहे. खालच्यानं वरच्याबरोबर एकाच वेळी लावणी आणि कापणी करायची, तर त्याला त्याच वेळी पाणी मिळायला हवं. म्हणजे वरचा पाणी सोडतो आणि बदल्यात त्याला किडीपासून संरक्षण मिळतं. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी दहा सुबाकांतल्या शेतकऱ्यांना विचारलं होतं की तुम्हाला जास्त नुकसान कशाचं वाटतं, पाणीटंचाईचं की किडीचं. वरच्या अंगाच्यांनी कीड सांगितली, खालच्यांनी पाणी. त्या उत्तरांत हा सगळा सौदा सामावलेला आहे.

यातही मेख आहे. किडीचा विचार केला तर जितका मोठा पट्टा एकत्र तितकं बरं. पण सगळ्या खोऱ्यानं एकाच आठवड्यात लावणी काढली तर चिखलणीला लागणारं पाणी नदीत असणारच नाही. पट्टा लहान ठेवला तर पाणी पुरतं, पण कीड शेजारी पळते. मधला आकार शोधावा लागतो, आणि तो दर खोऱ्यात वेगळा असतो. मासचेतीच्या देवळांशी जोडलेले गट नेमके या मधल्या आकाराचे आहेत. कोणा एका राजानं किंवा इंजिनिअरनं तो ठरवलेला नाही. इतिहासकार कार्ल विटफोगेल यांनी 1957 साली मांडलं होतं की मोठं सिंचन उभं राहतं तिथे ते चालवायला हुकूमशाही राज्यसत्ताही उभी राहते. बालीत राजे होते, त्यांचे दरबार दिमाखाचे होते, पण पाट चालवले ते सुबाकांनी आणि देवळांनी. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनीही आपल्या अभ्यासात हे नोंदवलं आहे. डच सत्तेनं 1906 ते 1908 या काळात दक्षिण बालीची राज्यं संपवली. दरबार गेले, पाट वाहत राहिले.

बातूरच्या देवळातला मुख्य पुजारी, जेरो ग्दे, हे या रचनेतलं सर्वांत विलक्षण पद. आधीचा पुजारी वारला की अंगात येणाऱ्या कुमारिकेच्या तोंडून देवी नवा निवडते, आणि निवड होते ती लहान मुलाची. तो आयुष्यभर पांढरी वस्त्रं नेसतो, केस कापत नाही. तो ब्राह्मण नसतो. सामान्य घरातला असतो. नवा पाट काढायचा, नवी खाचरं पाडायची, दोन सुबाकांत पाण्यावरून जुंपली, तर लोक त्याच्याकडे जातात. त्याच्या हाती पोलीस नाहीत. आहे ते एवढंच की पाणी जिचं आहे तिच्या वतीनं तो बोलतो. 1926 साली बातूरचा उद्रेक झाला आणि लाव्ह्यानं गाव आणि देऊळ दोन्ही गिळलं. लोकांनी देवीचं स्थान वर कड्यावर नेलं, आणि खालच्या सुबाकांशी असलेलं नातं तुटलं नाही.

ते तुटायची वेळ 1970 नंतर आली. इंडोनेशियाला तांदूळ आयात करावा लागत होता आणि फिलिपिन्समधल्या संशोधन संस्थेतून नव्या, लवकर येणाऱ्या, भरघोस जाती आल्या होत्या. बियाणं, रासायनिक खत, कीटकनाशक आणि कर्ज असं पॅकेज सरकारनं गावोगाव पोचवलं. हेतू वाईट नव्हता. माणसांना पोटभर भात हवा होता. सूचना अशी होती की जितक्या वेळा लावता येईल तितक्या वेळा लावा, देवळाच्या वेळापत्रकासाठी थांबू नका. 1977 पर्यंत दक्षिण बालीतल्या सुमारे 70 टक्के खाचरांत नव्या जाती होत्या. सुरुवातीला उत्पादन वाढलं. मग प्रत्येक जण आपल्या सोयीनं लावणी करू लागला, खोऱ्यात वर्षभर कुठे ना कुठे हिरवा भात उभा राहिला आणि तुडतुड्यांना बारमाही पंगत मिळाली. तुडतुड्यांना न जुमानणारी जात आणली तर तिच्यावर टुंग्रो रोग पडला. फवारण्या वाढल्या तसे किडीला खाणारे कोळी आणि मित्रकीटकही मेले. पाण्याच्या पाळ्यांचा गोंधळ झाला. 1979 मध्ये आशियाई विकास बँकेच्या पैशानं सिंचन प्रकल्प सुरू झाला आणि खाचांच्या ओंडक्यांच्या जागी उघडझाप करायची लोखंडी दारं आली. रोज कोणीतरी ठरवून उघडायची ती दारं शेतकऱ्यांच्या उपयोगाची नव्हती.

1980 नंतरच्या दशकात शेतकरी आपणहून देवळाच्या वेळापत्रकाकडे परतू लागले. त्याच दशकाच्या अखेरीस बँकेच्या मूल्यमापनातही कबूल झालं की जुन्या व्यवस्थेची किंमत न ओळखणं महागात पडलं. 1986 मध्ये इंडोनेशिया सरकारनं भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली.

देवळांचा हिशेब खरोखर जुळतो का, हे लान्सिंग आणि परिसंस्थांचे अभ्यासक जेम्स क्रेमर यांनी कॉम्प्युटरवर तपासून पाहिलं. ओस आणि पेतानू या दोन नद्यांवरचे 172 सुबाक, तिथला पाऊस, नदीचा प्रवाह, भाताची वाढ, किडीचा फैलाव, हे सगळं त्यांनी गणितात घातलं. प्रत्येक सुबाक सुटा ठेवला, सगळे एकत्र बांधले, मधले गट केले. सर्वांत चांगलं पीक आलं ते मासचेतीच्या गटांइतक्या गटांत. त्याहून चकित करणारा होता तो पुढचा प्रयोग. गणितात देवळंच ठेवली नाहीत. प्रत्येक सुबाकला एवढंच सांगितलं की दर वर्षी आपल्या शेजाऱ्यांपैकी ज्याचं पीक सर्वांत चांगलं आलं त्याचं वेळापत्रक उचल. काही वर्षांतच गट जमत गेले आणि त्यांचा नकाशा प्रत्यक्षातल्या देवळांच्या जाळ्याशी बराच मिळताजुळता निघाला. हे संशोधन 1993 मध्ये प्रसिद्ध झालं.

यावरून कोणी म्हणेल, मग देवीची गरजच काय, गणित पुरेसं आहे. मला हे पटत नाही. गणितातले सुबाक हट्ट करत नाहीत, रागावत नाहीत, शेजाऱ्याच्या लग्नातला अपमान लक्षात ठेवत नाहीत. खरी माणसं हे सगळं करतात. चांगलं वेळापत्रक सापडणं एक आणि वाईट वर्षातही ते पाळलं जाणं दुसरं. त्यासाठी पिढ्यान् पिढ्या ज्याच्यापुढे सगळे सारखेच वाकतात असं काहीतरी लागतं. देवी दानू ही ती जागा आहे. ती वरच्या शेतकऱ्याला सांगते की तुझ्या पाटातलं पाणी तुझं नाही.

धर्माशिवाय हे होतच नाही, असंही म्हणायला मी तयार नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फड पद्धत काही शतकं चालली: बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. तिथे भार वहिवाटीनं आणि पंचांनी उचलला. आणि धर्म पाण्याशी जोडला गेला की वाटणी न्याय्यच होते, हे महाराष्ट्रातला कोणी माणूस म्हणूच शकत नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं आणि त्यानंतर सवर्णांनी ते तळं विधी करून ‘शुद्ध’ केलं. तिथेही पाणी होतं, विधी होता, मंत्र होते. बालीतल्या तीर्थानं माणसं एका पाटावर बांधली. महाडला विधी वापरला गेला तो माणसांना काठापासून दूर ठेवायला. फरक श्रद्धेच्या तीव्रतेत नव्हता. बैठकीत कोणाला जागा आहे आणि नियम कोण ठरवतो, यात होता.

युनेस्कोनं 2012 मध्ये बालीतल्या पाच ठिकाणांचं, सुमारे 19,500 हेक्टरचं सुबाकक्षेत्र जागतिक वारसा म्हणून नोंदवलं. देव, माणूस आणि निसर्ग यांच्यातल्या सलोख्याचं ‘त्री हित करण’ हे तत्त्व त्या नोंदीच्या नावातच आहे. नोंद झाल्यावर त्या क्षेत्रातल्या जातिलुविहच्या पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांकडे पर्यटकांची रीघ वाढली. फोटो काढायला येणाऱ्यांसाठी रस्ते, हॉटेलं, कॅफे आले. जमिनीचे भाव चढले आणि त्या भावांवर कर बसला, तेव्हा भात पिकवून तो भरणं अनेकांना जड झालं. दक्षिण बालीत तर खाचरांच्या मधोमध व्हिला उभे आहेत आणि त्यांच्या तलावांसाठी भूजल उपसलं जातं.

एक खाचर विकलं गेलं की सुबाकमधला एक वाटेकरी कमी होतो. बंधारा साफ करायला एक जोडी हात कमी, उत्सवाच्या वर्गणीत एक हिस्सा कमी. विकलेल्या जागेच्या पायाखाली पाट दबला तर खालच्या सगळ्यांचं पाणी अडतं, आणि व्हिलाचा मालक सुबाकच्या बैठकीला येत नाही. त्याला पाण्याची पाळी नको असते, किडीचीही काळजी नसते. पेकासेहकडे त्याला दंड करायचा अधिकार नाही. त्यानं कधी तीर्थ घेतलेलंच नसतं.